जिंकल्याची कथा, हरलेल्यांचं लेखन

सदाशिव पेठेला ज्याचं नाव आहे तो सेनापती पानिपतावर पडला. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसावर मराठीत पुढे बखरी झाल्या, फौजांचे आकडे फुगले, आणि भाऊसाहेब जिवंत आहेत या आशेवर तोतयाही उभा राहिला. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड छापला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरकारांना चांगलंच फैलावर घेतलं. राजवाड्यांनी नुसत्या प्रस्तावनाच लिहिल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. त्यामुळे या पेठेत बसून दुसऱ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची म्हणजे जरा धाकच वाटतो. पण त्यांनी, आणि १९१० साली त्यांनी व सरदार मेहेंदळ्यांनी स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने, मराठी वाचकाला एक सवय लावली. जुनं लिखाण समोर आलं की ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं आणि लिहिताना त्याचं काय दुखत होतं, हे विचारायचं.

हीच सवय बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाकडे वळवण्याचा खटाटोप या लेखसंग्रहात आहे. यहोशवा हा मोशेचा वारस. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात काढतात, मोशे यार्देन नदीच्या अलीकडेच मरतो, आणि नदी ओलांडून कनान देश घ्यायचं काम यहोशवाकडे येतं. चोवीस अध्यायांपैकी पहिल्या बारांत मुख्यतः लढाया आहेत. यरीहोचा तट कर्ण्यांच्या आवाजाने आणि लोकांच्या ललकारीने कोसळतो, आय या गावी आधी मार खावा लागतो आणि मग विजय मिळतो, गिबोनावर सूर्य थांबतो, उत्तरेतलं हासोर जळतं, आणि शेवटी हरलेल्या एकतीस राजांची यादी येते. त्यापुढचा बराचसा भाग म्हणजे कुठल्या वंशाला कुठली जमीन, हद्द कुठून कुठवर, गावं कोणती, याचा सातबारा. नवखा वाचक इथे पुस्तक मिटतो. त्याने ते मिटू नये असं मला वाटतं, पण त्याकडे शेवटी येतो.

अडचण लढायांची नाही. जुन्या काळातल्या लढाया क्रूरच असत. अडचण अशी की इथे संहाराची आज्ञा खुद्द देवाची आहे. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम दिले आहेत: लांबच्या नगराशी आधी तहाचं बोलायचं, पण जवळच्या कनानी नगरांत श्वास घेणारं काही शिल्लक ठेवायचं नाही. जिंकलेलं सगळं, माणसांसकट, देवाच्या नावाने नष्ट करायच्या या प्रथेला अभ्यासक हेरेम म्हणतात. यरीहोत तसंच होतं. आखान नावाचा एक जण लुटीतला एक झगा, थोडी चांदी आणि सोन्याची एक वीट लपवतो, तर त्याला घरच्यांसकट मरावं लागतं. पुढे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौल राजा, संहाराची आज्ञा असतानाही, अमालेकी लोकांचा राजा आणि त्यांची चांगली गुरंढोरं राखून ठेवतो आणि या दयेपायी, म्हणा की लोभापायी, त्याचं राज्यच जातं. देव न्यायी आहे आणि हे पुस्तक पवित्र आहे, ही दोन्ही विधानं धरून ठेवणाऱ्याने या पानांचं काय करायचं? गेली एकोणीसशे वर्षं त्यावर डोकी शिणली आहेत.

ही प्रथा इस्राएलपुरतीच होती असंही नाही. १८६८ मध्ये यार्देनपलीकडे धीबान इथे मवाबचा राजा मेशा याचा इ. स. पू. नवव्या शतकातला शिलालेख सापडला. त्यात हा राजा आपल्या कमोश देवासाठी नबो गाव घेतल्याचं आणि तिथल्या सात हजारांना हेरेम म्हणून मारल्याचं सांगतो. त्या कत्तलीत मेलेले होते इस्राएल लोक. यहोशवाच्या पुस्तकावर बोलायला बसणाऱ्याने हा दगड आधी वाचावा. तोच शब्द, तीच भक्ती, फक्त मरणारे आणि मारणारे बदललेले.

कथेच्या पोटात शिरलं की ती वाटते तितकी एकसुरी नाही. यरीहोत हेरांना आसरा देते राहाब, ती वेश्या. तिचं घर तटाला लागूनच आहे; खिडकीतून दोरी सोडून ती त्यांना उतरवते आणि खिडकीला लाल दोरी बांधून ठेवण्याच्या बोलीवर आपलं अख्खं घरदार वाचवते. म्हणजे सरसकट संहाराची आज्ञा पहिल्याच नगरात मोडते. नवव्या अध्यायातले गिबोनी तर त्याहून वस्ताद. त्यांचं गाव जवळचं, म्हणजे नियमाप्रमाणे मरणाच्या यादीतलं. ते आपण फार दुरून आल्याचं सोंग आणतात: गाढवांवर फाटकी पोती, शिवून शिवून वापरलेल्या द्राक्षारसाच्या बुधल्या, ठिगळं लावलेल्या वहाणा, बुरसलेल्या भाकरी. इस्राएलचे सरदार ती शिदोरी पाहतात, देवाला विचारत नाहीत आणि शपथ घेऊन मोकळे होतात. तीन दिवसांनी कळतं की ही मंडळी शेजारचीच. पण शपथ मोडता येत नाही. गिबोनी जगतात, लाकूड तोडणारे आणि पाणी भरणारे म्हणून, पण देवाच्या वेदीपाशीच. लाकूडफाटा आणि पाणी वाहणाऱ्यांची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याला हा अध्याय विनोदी वाटेल आणि पाठोपाठ अस्वस्थही करील. आणि यरीहोच्या वेशीवर यहोशवाला नागवी तलवार घेतलेला एक पुरुष भेटतो. तू आमच्याकडचा की शत्रूकडचा, या प्रश्नाला तो दोन्ही नाकारतो. मी परमेश्वराच्या सेनेचा नायक, एवढंच सांगतो. विजयगाथा लिहिणाऱ्याने हा प्रसंग सहज गाळला असता.

या पानांवरचा पहिला मोठा वाद दुसऱ्या शतकातला. ख्रिस्ती शिक्षक मार्शियनने जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा असं सांगून सगळाच जुना करार बाजूला ठेवला. चर्चने त्याला बाहेर काढलं, पण त्याचा प्रश्न काही बाहेर गेला नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती भाष्यकार ओरिजेनने यहोशवावरच्या प्रवचनांत त्याला उत्तर दिलं. ग्रीकमध्ये यहोशवा आणि येशू यांचं नाव एकच, हा धागा धरून त्याने सांगितलं की कनानचे राजे म्हणजे आपल्या मनातले विकार आणि यरीहो म्हणजे हे जग. या लढायांना आध्यात्मिक अर्थ नसता तर शांतीचा उपदेश करणाऱ्याच्या शिष्यांनी ही पुस्तकं चर्चमध्ये वाचायला दिलीच नसती, असा त्याचा युक्तिवाद होता.

आपल्याला हे अनोळखी नाही. शेजारच्या नारायण पेठेतल्या केसरी वाड्यातल्या माणसाने मंडालेत लिहिलेलं 'गीतारहस्य' १९१५ मध्ये बाहेर आलं, आणि त्यात कुरुक्षेत्र खरं, कर्तव्य खरं आणि शस्त्रही खरं होतं. गांधींनी तेच कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणात नेलं. आप्तांना मारायला देवच सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने काय समजायचं, यावर मराठीत शंभर वर्षं घासाघीस चालू आहे. त्या वादात थोडा जरी कान दिलेल्या वाचकाला ओरिजेनचं बळ आणि ओरिजेनची पळवाट दोन्ही लगेच दिसतील. पळवाट अशी की विकार मारले जातात तेव्हा राहाबच्या शेजारणीचं काय झालं हे विचारायचं कुणी उरत नाही. तरी तुच्छतेने बोलण्याचंही कारण नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपट्याची पानं सोनं म्हणून वाटणारे आपण मुळात स्वारीचा आणि लुटीचाच मुहूर्त पाळतो. त्याची शोभायात्रा झाली हे बरंच झालं. यरीहोभोवतीच्या सात दिवसांच्या प्रदक्षिणा, पुढे याजक, त्यांच्या हाती कर्णे, मागे कराराचा कोश, हे वर्णनही लढाईपेक्षा उत्सवाचंच अधिक वाटतं.

यहुदी गुरूंनी वेगळी वाट धरली. त्यांनी कथेला रूपक केलं नाही, तिच्यात कायदा घातला. जेरुसलेमच्या तालमूदात अशी परंपरा आहे की यहोशवाने नदी ओलांडण्याआधी तीन पत्रं पाठवली होती: जायचं त्यांनी जावं, तह करायचा त्यांनी करावा, लढायचं त्यांनी लढावं. मूळ पुस्तकात अशी पत्रं कुठेच नाहीत. बाराव्या शतकात यहुदी धर्मशास्त्री मायमोनिडीसने हे पक्कं केलं: कनानी राष्ट्रांनाही आधी शांती देऊ करायला हवी, आणि तशीही ती राष्ट्रं आता ओळखू येणारी राहिलेली नाहीत. म्हणजे आज्ञा पवित्र, पण तिचा अंमल कायमचा बंद. मला ही वाट ओरिजेनच्या वाटेपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. ती मेलेल्यांना माणूस मानते.

अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार रशी उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीवर विचारतो की शास्त्राची सुरुवात सृष्टीपासून का. त्याचं उत्तर: उद्या इतर राष्ट्रं तुम्हाला लुटारू म्हणतील, तेव्हा सांगता यावं की पृथ्वी देवाची आहे, ती तो हवी त्याला देतो. हे लिहिलं तेव्हा रशीच्या लोकांना ना राज्य होतं ना फौज, आणि त्याच्या हयातीतच ऱ्हाइनकाठच्या यहुद्यांना पहिल्या क्रूसेडवाल्यांनी कापून काढलं. तेच वाक्य विसाव्या शतकात फौज असलेल्या राष्ट्रात उच्चारलं जातं तेव्हा त्याचं वजन बदलतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीला इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांच्या घरी बायबलचा अभ्यासवर्ग भरे, आणि त्यात यहोशवाच्या पुस्तकाची चर्चा होई. पुस्तक तेच, वाचणाऱ्याच्या हातात आता काय होतं तेवढं वेगळं.

हे हात बदलणं ख्रिस्ती इतिहासात फार आधी झालं होतं. ऑगस्टीनपासून न्याय्य युद्धाच्या चर्चेत यहोशवाचे दाखले येऊ लागले. न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन प्रवचनांत तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी म्हटलं गेलं. पण मराठी मुलखाला अमेरिकेत जायची गरज नाही. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेस त्यांच्याकडे आलं, आणि १५६७ मध्ये राचोलच्या किल्लेदाराने साष्टीतली देवळं जाळली. परक्या दैवतांच्या वेद्या मोडा, त्यांचे स्तंभ तोडा, ही 'अनुवाद'च्या सातव्या आणि बाराव्या अध्यायातली भाषा त्या काळच्या युरोपला तोंडपाठ होती. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. तेव्हा तो मुलूख आदिलशाहीचा होता. आज सहलीला मंगेशीला जाणारे पुणेकर खरं तर निर्वासितांच्या देवळात जातात.

आणि त्याच साष्टीत, १५८३ च्या कुंकळ्ळीच्या उठावात मारल्या गेलेल्या जेझुइटांचे मृतदेह आणायला जो माणूस पुढे झाला, त्या थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये राचोलला 'क्रिस्तपुराण' छापलं. जुना करार आणि नवा करार, दोन्ही मराठी ओव्यांत. ज्यांची देवळं गेली होती त्यांच्या नातवंडांसाठी, पुराण ऐकायची सवय मोडवत नव्हती म्हणून. वचनदत्त भूमीची कथा मराठीत प्रथम आली ती अशा कानांसाठी, जे त्या कथेत यार्देनच्या कुठल्या तीरावर उभे आहेत हे ठरवणं सोपं नव्हतं. या संग्रहातला गोव्यावरचा लेख मला सर्वांत मोलाचा वाटला तो यासाठी.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी आणि शास्त्री यांचे जाहीर वाद झाले. १८३१ चा मुंबईतला जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद प्रसिद्धच आहे. तुमच्या देवाचं वर्तन काढायचं आणि आमच्या देवाचं झाकायचं, ही रीत दोन्हीकडून रुळली आणि अजून गेलेली नाही. खरं काम पुढे केडगावला चाललं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणत होत्या, आणि मुक्ती मिशनमधल्या बायका ते स्वतः जुळवून छापत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पुरा बाहेर आला. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, टाकलेल्या विधवा, आणि कृपा सदनात आसरा मिळालेल्या, फसवल्या गेलेल्या स्त्रिया. तिथे राहाबची गोष्ट मोठ्याने वाचली जाताना कोण कुणाच्या बाजूने ऐकत असेल, हा प्रश्न टीकाग्रंथांत सापडत नाही.

आता खणणाऱ्यांकडे वळू. १९३० च्या दशकात जॉन गारस्टँगला यरीहोचा पडका तट सापडला आणि धर्मनिष्ठांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यनने तिथेच अधिक काटेकोर खणून दाखवलं की तो तट कितीतरी जुना, आणि शहराचा मोठा नाश इ. स. पू. १५५० च्या आसपासचा. यहोशवाचा म्हणून जो काळ मानतात तेव्हा तिथे पाडायला तटच नव्हता. आय तर त्या काळी हजारेक वर्षं ओसाड होतं. हासोर मात्र तेराव्या शतकात खरोखरच भयंकर जळालेलं आहे. फेरोह मर्नेप्ताहच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल हे नाव कनानमधल्या एका लोकसमूहाचं म्हणून येतं, म्हणजे तोवर ते तिथे होते हे नक्की. कसे आले, यावर चार मतं झाली. अमेरिकेत ऑलब्राइटने विजयाची कथा मुळात खरी मानली. जर्मनीत आल्टने १९२५ मध्ये धनगरांच्या सावकाश शिरकावाची कल्पना मांडली. १९६२ मध्ये मेंडेनहॉलने, आणि १९७९ मध्ये गॉटवाल्डने अधिक जोरकसपणे, हे कनानी नगरराजांविरुद्ध तिथल्याच रयतेचं बंड होतं असं म्हटलं. आणि १९८० च्या दशकात इस्राएल फिंकेलश्टाइनने डोंगरपट्ट्यातल्या शेकडो लहान वाड्यांची पाहणी करून दाखवलं की हे लोक बऱ्याच अंशी त्याच भूमीतले. आज बहुतेक अभ्यासक शेवटच्या दोन मतांच्या आसपास कुठेतरी असतात.

मग प्रश्न सुटला का? अनेकांना वाटतं सुटला. कत्तल झालीच नाही, तर देवावरचा आरोपही गेला. मला हे पटत नाही. झाली नसलेली कत्तल देवाच्या आज्ञेने झाली असं कुणी तरी अभिमानाने लिहिलं, आणि दोन हजार वर्षं लोकांनी ते पवित्र मानून वाचलं, हे तर झालंच आहे. के. लॉसन यंगर याने १९९० मध्ये अश्शूरी, हित्ती आणि मिसरी विजयलेखांशी तुलना करून दाखवलं की एकही जिवंत ठेवला नाही ही त्या काळच्या दरबारी लेखनाची ठरलेली धाटणी होती. बखर वाचलेल्याला हे सांगायला नको. मर्नेप्ताहसुद्धा आपल्या दगडावर इस्राएलचं बीजच उरलं नाही असं खोदवून घेतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते मार्टिन नोथने १९४३ मध्ये मांडलेलं मत. 'अनुवाद'पासून राजांच्या पुस्तकांपर्यंतचा सगळा इतिहास एका विचाराने बांधलेला आहे आणि तो बांधला गेला इ. स. पू. ५८७ नंतर, जेरुसलेम पडल्यावर, मंदिर जळल्यावर, लोक बाबेलला नेले गेल्यावर. पुढे फ्रँक क्रॉसने त्याचा पहिला घाट योशीया राजाच्या, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरच्या, काळात घातला गेला असं म्हटलं. पण शेवटचा हात निर्वासितांचाच. थर कसे चढतात हे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे पुण्याला चांगलं ठाऊक आहे. यहोशवाचंही ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा थोडं आखूड आहे आणि मृत समुद्राकाठच्या गुंडाळीत एक प्रसंग वेगळ्याच जागी येतो. म्हणजे ही जिंकल्याची कथा आपल्या हाती आली ती सर्वस्व हरलेल्यांकडून. देश मिळाला कसा हे ते आठवत होते, कारण तो गेला का हे त्यांना समजून घ्यायचं होतं. आखान एका झग्यापायी सगळ्यांना बुडवतो, ही गोष्ट यरीहोची कमी आणि बाबेलच्या छावणीतली जास्त वाटते. अकराव्या अध्यायात सगळा देश घेतला असं ठासून सांगायचं आणि तेराव्याच्या सुरुवातीला अजून पुष्कळ घ्यायचा राहिला आहे म्हणायचं, ही विसंगती विजेत्याच्या कारकुनाने ठेवली नसती.

याने संहाराची आज्ञा सौम्य होत नाही. हरलेला माणूसही क्रूर स्वप्नं बघतो. पण दुबळ्याने लिहिलेलं स्वप्न बलवानाच्या हाती हुकूमनामा होतं, हा यहोशवाच्या पुस्तकाचा पुढचा सगळा इतिहास आहे, आणि या संग्रहातले लेख वेगवेगळ्या बाजूंनी तोच सांगतात.

कनानी ही कथा कुठून वाचतील, हा प्रश्न इंग्रजीत जोरात आला १९८० च्या दशकात. मायकल वॉल्झरने मिसरमधून सुटकेची, म्हणजे निर्गमाची, कथा सगळ्या क्रांत्यांचा नमुना म्हणून गौरवली, तेव्हा १९८६ मध्ये एडवर्ड सईदने तिचं कनानी वाचन केलं. १९८९ मध्ये मूळ अमेरिकी ओसेज राष्ट्राच्या रॉबर्ट ॲलन वॉरियरने मुक्तीच्या थिऑलॉजीवाल्यांना सुनावलं की निर्गम वाचता तर पुढचं यहोशवाही वाचा, आणि त्यात आम्ही कनानी आहोत. त्याच वर्षी पॅलेस्टिनी धर्मगुरू नईम अतीक यांचं पुस्तक आलं. ज्यांची गावं १९४८ मध्ये गेली त्या ख्रिस्ती लोकांनी चर्चमध्ये हे अध्याय कसे ऐकायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात 'गुलामगिरी' छापून झाली होती. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. आणि मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार एकेक करून बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या स्वाऱ्या ठरतात. वामनाची तीन पावलं म्हणजे बळीचं राज्य बळकावणं. देवाच्या नावे लिहिलेली विजयकथा हरलेल्याच्या बाजूने उलटी वाचायची, ही रीत जगात इतक्या धीटपणे फार थोड्यांनी वापरली आहे. इतिहास म्हणून फुल्यांचा तपशील टिकत नाही. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनीच शूद्रांवरच्या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्त खोडला. पण वाचनाची रीत टिकली. इरावती कर्व्यांनी 'युगान्त' मध्ये खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे पाहिलं तेही त्याच डोळ्यांनी: कृष्ण आणि अर्जुन चहूबाजूंनी नाके धरून पळणारा प्रत्येक जीव परत आगीत लोटतात, आणि हाती येते ती राजधानी वसवायला मोकळी जमीन. यहोशवाच्या टीकाकारांना कर्वे ठाऊक नाहीत, ही त्यांची उणीव. आणि मराठी असलेले अरविंद निर्मल, ज्यांच्या १९८१ च्या बंगळुरूच्या व्याख्यानापासून दलित थिऑलॉजीची सुरुवात धरतात, त्यांनी 'अनुवाद'च्या सव्विसाव्या अध्यायातली, आमचा बाप भटका होता ही कबुली दलितांची म्हणून घेतली, पण तिच्या शेवटी येणारी दूधमधाची जमीन ध्येय मानली नाही. ध्येय पूर्ण माणूसपण. मला तरी यहोशवाला दिलेलं इतकं थेट भारतीय उत्तर दुसरं ठाऊक नाही.

एक वाचक मात्र या कुठल्याच चौकटीत बसत नाही: कोकणातले मराठी यहुदी, बेने इस्राएल. यहोशवा त्यांचाच, पण त्यांच्या कोकणातल्या आठवणीत स्वारी नाही, नवगावजवळ फुटलेलं जहाज आहे, वाचलेली सात जोडपी आहेत आणि शनिवारी बंद राहणारा तेलघाणा आहे. त्यांनी बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये यहोशवाचं नाव घेणारा माणूस घरी जाऊन मराठीत भांडत असे. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे आपण यहुदी आहोत हेच सिद्ध करण्यासाठी त्यांना १९६४ पर्यंत झगडावं लागलं. वचनदत्त भूमीत पोहोचलेल्यांनाही दारात उभं केलं गेलं, ही गोष्ट गिबोनच्या अध्यायाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. या संग्रहात त्यांच्यावर एकच लेख आहे, आणि तोही कीर्तनांपाशी थांबतो. इथे संपादकांनी हात आखडता घेतला असं माझं मत आहे. कुराणातल्या, भूमीत शिरायला कचरणाऱ्या मोशेच्या लोकांच्या कथेवर काहीच नाही, हेही खटकतं.

हे सगळं आत्ताच का? २८ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतन्याहू यांनी गाझातल्या युद्धासंबंधी बोलताना अमालेकाची आठवण करून दिली. त्यांच्या कार्यालयाने तो उल्लेख हमासपुरता असल्याचं म्हटलं. दक्षिण आफ्रिकेने त्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या अर्जात तो पुरावा म्हणून दिला. एका प्राचीन पुस्तकातल्या अध्यायाचा अर्थ काय, हा प्रश्न हेगमध्ये न्यायाधीशांपुढे गेला. इकडे आपल्या फोनवर रोज कुणी ना कुणी मूळचा कोण आणि आक्रमक कोण हे ठरवून टाकतो, आणि दोन्हीकडच्यांना पुरावा म्हणून कुठली तरी पोथी लागते.

पुण्यात जुना करार शिकवणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत: कँडीहून १९५५ मध्ये इथे आलेली पेपल सेमिनरी आणि यवतमाळहून १९८३ मध्ये आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी. दोन्हींकडे विद्वत्ता आहे, पण ती मुख्यतः इंग्रजीतून. सदाशिव पेठेतली विद्वत्ता मराठीतून, पण ती बायबलकडे फिरकत नाही. या दोघांची गाठ घालायचा हा प्रयत्न आहे. लेखकांत श्रद्धावान आहेत, नास्तिक आहेत, संस्कृतचे अभ्यासक आहेत, खणणारे आहेत. त्यांचं एकमत नाही आणि संपादकांनी ते घडवूनही आणलेलं नाही. ओरिजेनची बाजू घेणाऱ्या लेखाशी मी सहमत नाही, तरी तो संग्रहात सगळ्यांत सुबक लिहिलेला आहे हे कबूल करायला हवं. आजच्या पॅलेस्टाइनचा निवाडा या पुस्तकात नाही. तो शोधायला येणाऱ्याने वेळ घालवू नये.

वाचकाला एवढीच विनंती की लेखांकडे वळण्याआधी यहोशवाचं पुस्तक मराठीतून एकदा सलग वाचावं. दोनेक तास लागतील. तेराव्या अध्यायापासूनच्या याद्या गाळू नयेत; गावांची नावं मोठ्याने वाचली तर कंटाळाही कमी येतो. पंधराव्या अध्यायात यहूदाच्या वंशाला मिळालेली नगरं गटागटाने मोजत मोजत लेखक शेवटच्या वचनाशी येतो आणि तिथे सरळ लिहून टाकतो की जेरुसलेमात राहणाऱ्या यबूसी लोकांना यहूदाला हाकलता आलं नाही, ते आजवर तिथेच त्यांच्याबरोबर राहतात. तिथे खूण घालून ठेवावी. पहिला लेख त्या वचनावरच आहे.

सदाशिव पेठ, पुणे